शून्य गुन्ह्यांचं विद्यापीठ (लेखमाला ‘आवारातली सुरक्षितता’, लेखांक ५)

वसतिगृहाचं दार रात्री किती वाजता बंद व्हावं, याबद्दल आपण गेल्या आठवड्यात बोललो. वसतिगृहांच्या वेळेच्या बंधनांविरुद्धचं दिल्लीतलं ‘पिंजरा तोड’ आंदोलन असो की २०१७ साली बनारस हिंदू विद्यापीठाच्या दारात मुलींनी दिलेला ठिय्या असो, दोन्हीकडे सांगणं एकच होतं: गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि कोंडायचं मात्र आम्हाला, हे चालणार नाही. या आठवड्याचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. विद्यापीठाच्या आवारात काय काय घडतं, हे तिथे शिकणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना कळायला नको का? अमेरिकेत हे कळवणं विद्यापीठावर कायद्याने बंधनकारक आहे. तो कायदा ज्यांच्यामुळे झाला, त्या आईवडिलांनी आपली मुलगी वसतिगृहातल्या तिच्या स्वतःच्या खोलीत गमावली होती.

जीन क्लेरी एकोणीस वर्षांची होती. तिचे दोन्ही भाऊ न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात शिकलेले, तीही तिथेच जाणार होती. पण टुलेनच्या एका विद्यार्थिनीचा कॅम्पसबाहेर खून झाल्याचं घरी कळलं आणि बेत बदलला. पेनसिल्व्हेनियात, घरापासून फार लांब नसलेल्या बेथलेहेम गावात टेकडीवर वसलेलं लीहाय विद्यापीठ आईवडिलांना आवडलं. झाडी, जुन्या दगडी इमारती, शांतता. ५ एप्रिल १९८६ च्या पहाटे त्याच विद्यापीठात शिकणारा एक विद्यार्थी तिच्या वसतिगृहात शिरला. बाहेरून तिच्या खोलीपर्यंत यायला आपोआप कुलूप लागणारी तीन दारं होती. येण्याजाण्याच्या सोयीसाठी मुलांनी ती पिझ्झाची खोकी अडकवून उघडी ठेवली होती. खोलीतल्या मैत्रिणीची किल्ली हरवलेली, म्हणून जीनने खोलीचं दारही लावलं नव्हतं. तो चोरी करायला आला होता. त्याने तिच्यावर बलात्कार केला आणि तिचा जीव घेतला. दोघांची ओळखही नव्हती.

खुन्याला शिक्षा झाली. हॉवर्ड आणि कॉनी क्लेरी मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी माहिती काढायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की आधीच्या तीन वर्षांत लीहायमध्ये ३८ हिंसक गुन्हे घडले होते. दारं उघडी राहत असल्याच्या नोंदीही विद्यापीठाकडे होत्या. यातलं काहीच प्रवेश घेताना त्यांना सांगितलं गेलं नव्हतं.

या प्रसंगातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. क्लेरी दांपत्याने निष्काळजीपणा केला नव्हता. एका जागी खून झाल्याचं कळलं म्हणून त्यांनी ती जागा टाळली, आणि जिथलं काहीच कळलं नव्हतं ती सुरक्षित समजून निवडली. कोणतेही आईवडील हेच करतील. आपल्याकडे मुलीला पुण्याला पाठवायचं की संभाजीनगरला, हे ठरवताना आपणही हेच करतो: कुठल्या कॉलेजचं नाव पेपरात आलं ते आठवतो आणि ज्याचं आलं नाही ते चांगलं समजतो. पण नाव न येण्याची कारणं दोन असू शकतात. तिथे काही घडलं नसेल, किंवा घडलेलं बाहेर येऊ दिलं नसेल. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला या दोहोंतला फरक ओळखता येत नाही.

क्लेरींनी विद्यापीठावर दावा लावला, तो तडजोडीने मिटला. १९८७ मध्ये त्यांनी ‘सिक्युरिटी ऑन कॅम्पस’ ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदा केला आणि ८ नोव्हेंबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष थोरल्या जॉर्ज बुश यांच्या सहीने तो साऱ्या देशाचा झाला. १९९८ मध्ये त्याला जीनचं नाव मिळालं. आज तो ‘क्लेरी कायदा’ म्हणून ओळखला जातो.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. हा कायदा कुणाला तुरुंगात टाकत नाही आणि किती पहारेकरी ठेवा हेही सांगत नाही. तो फक्त मोजायला आणि सांगायला लावतो. ज्या संस्थेचे विद्यार्थी केंद्र सरकारचं शैक्षणिक अर्थसाहाय्य घेतात तिला तो लागू होतो, म्हणजे व्यवहारात बहुतेक सगळ्याच कॉलेजांना. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत संस्थेने सुरक्षिततेचा वार्षिक अहवाल काढायचा. त्यात मागच्या तीन वर्षांतले खून, बलात्कार, जबरी चोऱ्या, घरफोड्या, गंभीर मारहाण, वाहनचोरी, जाळपोळ यांचे आकडे द्यायचे. वंश, धर्म, लैंगिक ओळख अशा कारणांनी द्वेषापोटी झालेले गुन्हे वेगळे दाखवायचे. २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग, जोडीदाराकडून होणारी हिंसा आणि घरगुती हिंसाही त्यात आली. शिक्षण खातं हे सगळे आकडे आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. जगातल्या कुठल्याही गावात बसून ते पाहता येतात.

वार्षिक अहवालाइतकीच महत्त्वाची, पण कमी माहीत असलेली तरतूद आहे रोजच्या नोंदवहीची. ज्या विद्यापीठाचं स्वतःचं पोलीस किंवा सुरक्षादल आहे, त्याने आलेली प्रत्येक गुन्ह्याची तक्रार दोन कामकाजाच्या दिवसांत या वहीत लिहायची: काय, कधी, कुठे घडलं आणि पुढे काय झालं. मागच्या साठ दिवसांची पानं कुणीही मागितली तर दाखवायची. मागणारा विद्यार्थी असला पाहिजे, असंही नाही. आपल्या पोलीस ठाण्याच्या दारातून एफआयआरची प्रत घेऊन बाहेर पडायला किती खेटे घालावे लागतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या साध्या वहीचं मोल वेगळं सांगायला नको.

तिसरी तरतूद इशाऱ्याची. धोका अजून टळलेला नसेल तर विद्यार्थ्यांना वेळेत सावध करायचं. वेळेत म्हणजे किती, यावर मोठा वाद झाला तो २००७ मध्ये. १६ एप्रिलला सकाळी सव्वासातच्या सुमारास व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या एका वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांनी तो खासगी भांडणाचा प्रकार असावा, मारेकरी निघून गेला असावा, असा अंदाज बांधला. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत त्याच मारेकऱ्याने नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत शिरून आणखी तीस जणांना ठार केलं. मृतांत तमिळनाडूत जन्मलेले जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, आणि मुंबईत वास्तुशास्त्र शिकून पुढच्या शिक्षणासाठी तिथे गेलेली एक विद्यार्थिनीही होती. दोन तास कळवलं नाही म्हणून शिक्षण खात्याने विद्यापीठाला दंड केला. अपिलांच्या फेऱ्यांनंतर तो साडेबत्तीस हजार डॉलरवर आला. बत्तीस मृत्यूंपुढे ही रक्कम काहीच नाही. पण त्या घटनेचा खरा परिणाम २००८ मधल्या दुरुस्तीत दिसतो: तातडीचा धोका आहे याची खात्री पटताच, विलंब न लावता सगळ्या कॅम्पसला कळवलंच पाहिजे. आज तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनवर विद्यापीठाचे इशारे येतात ते यामुळे.

आता कायद्याची दुबळी बाजू. जो मोजतो, त्याचीच बदनामी त्या मोजणीतून होणार असेल, तर तो कमी मोजणार. डिसेंबर २००६ मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या वसतिगृहात एक विद्यार्थिनी खोलीत मृतावस्थेत सापडली. घातपाताची शंका नाही, असं विद्यापीठाने तिच्या घरच्यांना आणि सगळ्यांना सांगितलं. फेब्रुवारीच्या अखेरीस तिच्या खुनाच्या आरोपाखाली दुसऱ्या एका विद्यार्थ्याला अटक झाली, तेव्हाच आईवडिलांना कळलं की आपल्या मुलीचा खून झाला होता. मधले दहा आठवडे तो मुलगा त्याच कॅम्पसवर वावरत होता आणि शेजारच्या खोल्यांतल्या मुली निर्धास्त झोपत होत्या. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पदावरून काढलं गेलं आणि विद्यापीठाला साडेतीन लाख डॉलर दंड भरावा लागला. पुढे रकमा वाढत गेल्या. फुटबॉल प्रशिक्षकाने मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणानंतर पेन स्टेटला २०१६ मध्ये सुमारे २४ लाख डॉलर, जिम्नॅस्टिक्सच्या मुलींवर वर्षानुवर्षं अत्याचार करणाऱ्या डॉक्टरच्या प्रकरणात मिशिगन स्टेटला २०१९ मध्ये ४५ लाख, आणि मार्च २०२४ मध्ये व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख. आजवरचा सर्वांत मोठा दंड हाच.

लिबर्टीचं प्रकरण आपल्याकडच्या प्राचार्यांनी मुद्दाम वाचावं. तिथे विद्यार्थ्यांसाठी धार्मिक शिस्तीचे कडक नियम आहेत. दारू प्यायली, लग्नाआधी संबंध ठेवले, की कारवाई. अत्याचार झालेल्या मुली तक्रार करायला घाबरत, कारण तू तिथे गेलीसच का, प्यायली होतीस का, हे आधी विचारलं जाईल आणि शिक्षा आपल्यालाच होईल. सरकारी तपासणीत हे स्पष्ट नोंदवलं गेलं. आपल्या वसतिगृहातली मुलगी साडेनऊनंतर बाहेर राहिली आणि तिच्याशी काही वाईट घडलं, तर रेक्टरबाईंकडे जाताना तिच्या मनात हेच येतं. वेळ मोडल्याची नोटीस घरी जाईल, वडील शिक्षण थांबवतील. ती गप्प बसते. नोंद होत नाही. आणि वर्षाच्या शेवटी वसतिगृहाच्या अहवालात ‘एकही अनुचित प्रकार नाही’ असं लिहिलं जातं.

म्हणून शून्याकडे संशयाने पाहायला शिकलं पाहिजे. विद्यापीठीय स्त्रियांच्या एका जुन्या अमेरिकी संघटनेने २०१४ चे क्लेरी आकडे तपासले, तेव्हा ९१ टक्के कॉलेजांनी वर्षभरात बलात्काराची एकही नोंद दाखवली नव्हती. हजारो तरुण मुलंमुली एकत्र राहतात अशा ठिकाणांबद्दलचा हा दावा कुणालाही पटणारा नाही. उलट, ज्या विद्यापीठात मदत केंद्र नीट चालतं, समुपदेशक विश्वासाचे असतात, तक्रार घेणारा माणूस उलटतपासणी करत नाही, तिथले आकडे सुरुवातीला वाढतात. पालकाला ते पाहून धास्ती वाटते, पण तिथे निदान कुणीतरी ऐकून घेतं आहे एवढं त्या आकड्यावरून कळतं. आकडा एकटा वाचू नये. त्याच्या शेजारी विद्यार्थ्यांची संख्या ठेवावी, तीन वर्षांचा कल पाहावा, आणि शिस्तीचे नियम वाचून मुलीला तक्रार करताना भीती वाटेल की नाही याचा अंदाज घ्यावा.

अमेरिकेला मुलं पाठवणाऱ्या मराठी घरांसाठी एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. २०२३-२४ या वर्षात तिथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते, कुठल्याही देशाहून अधिक. त्यांतले बहुसंख्य एमएस किंवा तत्सम शिक्षणासाठी गेलेले. ते वसतिगृहात राहत नाहीत. चौघं मिळून अपार्टमेंट भाड्याने घेतात, बहुतेकदा भाडं कमी असलेल्या भागात, आणि लॅबमधून रात्री उशिरा चालत किंवा बसने परततात. क्लेरी कायद्याची मोजणी मात्र ठरावीक हद्दीतली असते: कॅम्पस, विद्यापीठाची वसतिगृहं, विद्यापीठाच्या ताब्यातल्या बाहेरच्या इमारती, आणि कॅम्पसमधून जाणारे किंवा त्याला लागून असलेले सार्वजनिक रस्ते. खासगी मालकाचं अपार्टमेंट या हद्दीत येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयडाहो विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांचा कॅम्पसपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या भाड्याच्या घरात खून झाला, तेव्हा सारा देश हादरला. पण या नियमांनुसार अशा घरातला गुन्हा विद्यापीठाच्या क्लेरी आकड्यांत धरला जात नाही.

म्हणजे मुलगा जिथे झोपणार, तिथलं काहीच त्या अहवालात नसतं. तेव्हा अहवाल बघून समाधान मानू नका. ज्या रस्त्यावर घर घेणार, त्या भागाचे आकडे शहराच्या पोलिसांकडे असतात. अनेक अमेरिकी शहरांचं पोलीस खातं नकाशावर गुन्हे दाखवतं, ते पाहावं. विद्यापीठाची रात्रीची बस त्या रस्त्यापर्यंत जाते का, रात्री सोबत देणारी सेवा कॅम्पसच्या कुंपणापाशी संपते की घराच्या दारापर्यंत येते, हे तिथल्या मराठी मंडळात किंवा आधी गेलेल्या मुलांना विचारावं. आणखी एक बारकावा: वाचनालयात टेबलावरून लॅपटॉप किंवा फोन गेला, सायकल गेली, तर ती साधी चोरी धरली जाते. ती वार्षिक आकड्यांत मोजत नाहीत. आपल्या मुलांना सर्वाधिक सोसावा लागणारा त्रास हाच. त्याचा अंदाज घ्यायचा तर मघाशी सांगितलेली रोजची नोंदवही पाहावी, तिच्यात त्या तक्रारी असतात.

आता घरच्या अंगणात येऊ. आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्राने रॅगिंगला गुन्हा ठरवणारा कायदा १९९९ मध्येच केला. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली आणि त्याने टाळाटाळ केली तर त्याला गुन्ह्याला साथ देणारा मानलं. लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. अंतर्गत समिती, तिच्यावर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी, दरवर्षी आयोगाकडे अहवाल, सगळं लिहिलेलं आहे. पण हा अहवाल कॉलेजकडून आयोगाकडे जातो. प्रवेशाच्या रांगेत उभी असलेली मुलगी आणि तिची आई यांच्या हाती तो येत नाही. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये क्लेरी कायद्यात रॅगिंगचीही भर घातली: प्रकार मोजायचे आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थी गटांची नावं जाहीर करायची. आपल्या १९९९ च्या कायद्यात संस्थेने गेल्या तीन वर्षांतले प्रकार जाहीर करावेत अशी सक्ती नाही.

माहिती नसते, म्हणून प्रत्येक घटनेनंतर आपण भिंतीकडे वळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयआयटी-बीएचयूच्या विद्यार्थिनीवर आवारात अत्याचार झाला, तेव्हा आयआयटी आणि उरलेल्या विद्यापीठाच्या मध्ये भिंत बांधायचा प्रस्ताव पुढे आला. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली. संशय होता तिथेच काम करणाऱ्या पहारेकऱ्यावर, ज्याचा मृतदेह त्याच दिवशी रेल्वेमार्गावर सापडला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरचा बळी गेला. दोषी ठरला तो पोलिसांच्या मदतीला नेमलेला स्वयंसेवक, ज्याला रुग्णालयात सहज ये-जा करता येत होती. या दोन्ही ठिकाणी उंच भिंतीने काय थांबलं असतं? पहारेकऱ्याबद्दल आधी कुणी काही बोललं होतं का, ते कुठे लिहून ठेवलं होतं का, आणि लिहिलेलं पाहण्याची सोय दुसऱ्या कुणाला होती का, हे प्रश्न भिंतीआधी विचारायला हवेत.

हद्दीचा प्रश्नही आपल्याकडे तीव्र आहे. पुण्यात शिकायला येणारी बहुतेक मुलं वसतिगृहात जागा न मिळाल्याने सदाशिव पेठेत, कर्वेनगरात, कोथरूडला कॉट बेसिसवर राहतात. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका महाविद्यालयीन तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. तिला वाचवलं स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी, जे स्वतः तिथे भाड्याने राहत होते. अशा मुलांची जबाबदारी ना कॉलेज घेतं, ना घरमालक. अमेरिकेचा कायदा उचलून आणला तर हीच पोकळी इथेही राहील. म्हणून महाराष्ट्रात असा नियम करायचाच असेल, तर त्यात कॉलेज आणि जवळचं पोलीस ठाणं यांनी मिळून अभ्यासिका, मेस, खासगी वसतिगृहं असलेल्या पेठांचे आकडे द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मोजणारी संस्था आणि तपासणारी संस्था एकच नसावी. आणि प्रवेशपुस्तिकेत शुल्काच्या तक्त्याइतक्याच ठळकपणे हे आकडे छापावेत.

नियम होईल तेव्हा होईल. सरकारी आणि अनुदानित संस्थांकडून यातली बरीच माहिती आजही मिळू शकते, माहितीच्या अधिकारात. अर्ज करताना पीडितांची नावं किंवा प्रकरणांचे तपशील मागू नका. ते मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. फक्त संख्या मागा: गेल्या तीन वर्षांत अंतर्गत समितीकडे आणि रॅगिंगविरोधी समितीकडे किती तक्रारी आल्या, त्यांतल्या किती निकाली निघाल्या, किती पोलिसांकडे गेल्या, समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीनही वर्षांचं उत्तर ‘निरंक’ आलं, तर बैठकांच्या तारखांकडे नीट पाहा.

पुढच्या लेखांकात याच अंतर्गत समित्यांविषयी: त्यांवर कोण बसतं, कोण बसायला हवं, आणि तक्रार केल्यापासून निकालापर्यंत तक्रारदार मुलीला त्याच वर्गात, त्याच प्राध्यापकासमोर कसे दिवस काढावे लागतात.